राजारामपुरीतली मावशींची मेस : इथे एका वेळेचाही खाडा धरतात

कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलींना जूनमध्ये दोन गोष्टी शोधाव्या लागतात, खोली आणि मेस. खोली एकदा मिळाली की मिळाली. मेस चुकली तर रोज दोन वेळा चुकते. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिले पाच महिने एका ठिकाणचा डबा लावला होता, त्यानंतर आजपर्यंत राजारामपुरीतल्या मावशींकडे जेवते आहे. या मेसबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मेसला नाव नाही, बोर्ड नाही. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरून गल्लीत शिरलं की पिठाच्या गिरणीला लागून एक बैठं घर आहे. अंगणावर पत्रा टाकलाय. पत्र्याखाली लांब फळ्यांची चार टेबलं आणि दोन्ही बाजूंना बाकडी. एका वेळी चोवीस जण बसतात. भाकरी थापल्याचा आवाज आला की घर आलं असं समजायचं. महिन्याचे दोन वेळचे २,६०० रुपये, एका वेळचे १,५००, गेस्ट आणला तर ताटाला ८०. सकाळी साडेअकरा ते अडीच, रात्री साडेसात ते साडेनऊ. रविवारी रात्री बंद.

आधी जेवणाचं सांगते. भाकरी ज्वारीची, आणि ती या मेसची खरी ओळख आहे. पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा हाताने उचलता येईल अशी. गार झालेली भाकरी मला इथे दोन वर्षांत दोन-तीनदाच मिळाली असेल. आमटीला घरचा कांदा-लसूण मसाला असतो आणि तो मावशी उन्हाळ्यात स्वतः उभं राहून कांडपावरून करून आणतात. कडधान्यं रोज एक तरी असतं. मटकी, चवळी, हुलगे, आणि गुरुवारी अख्खा मसूर. पिठलं असेल त्या दिवशी खर्डा असतो. तो हिरव्या मिरचीचा, शेंगदाण्याचा, तव्यावरच रगडलेला. रविवारी दुपारी चिकन, तांबडा आणि पांढरा रस्सा. पांढरा पातळ असतो, पण ओल्या नारळाचा असतो, पावडरचा नव्हे. न खाणाऱ्यांना त्याच टेबलावर मसूर आणि शिरा. कुणी कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलेलं मी इथे पाहिलं नाही.

जे बरं नाही तेही सांगते. मंगळवारची दुधीची भाजी पाणचट असते आणि दोन वर्षांत ती सुधारली नाही. रात्रीच्या चपात्या नऊनंतर वातड होतात. तांदूळ जाडा. दुपारी एक ते दीडला इतकी गर्दी होते की प्रॅक्टिकलमधून धावत आलेल्या मुलीला वीस मिनिटं उभं राहावं लागतं. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पंखे दोनच आहेत. गाडी लावायला जागा नाही.

आता मी इथे का आले ते. पहिल्या वर्षी डबा लावला होता तिथे दर २,५०० होता. डबा रोज वेळेवर यायचा, चवीला वाईट नव्हता. एकदा लॅबमध्ये उशीर झाला म्हणून आम्ही सगळे तिथेच डबे उघडून बसलो, तेव्हा दिसलं की माझ्या डब्यात चार चपात्या आहेत आणि बॅचमधल्या मुलाच्या डब्यात सहा. मेस तीच, दर तोच. मी फोन करून विचारलं. मालक म्हणाले, "ताई, मुलींच्या डब्याला चारच असतात. मुली कुठं एवढं खातात?" मी म्हणाले, मी खाते. ते म्हणाले, जादा चपातीचे जादा पैसे पडतील. मी सकाळी सहाला उठून चालत कॉलेजला जाणारी, दुपारी तीन-तीन तास प्रॅक्टिकलला उभी राहणारी मुलगी. पाच महिने मी संध्याकाळी बिस्किटाचा पुडा खात होते, आणि माझीच भूक जास्त आहे असं समजत होते.

मावशींकडे मुली बसून जेवतात. पहिल्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाऊन उठायला लागले तर मावशी म्हणाल्या, "बस गं, अजून एक येतीया." वाढणारी बाई भाकरी घेऊन उभी राहते, नको म्हणेपर्यंत जात नाही. मोजत कुणी नाही. त्या दिवाळीला घरी गेले तेव्हा मी पहिल्यांदा आईचं ताट बघितलं. पप्पांना आणि दादाला तव्यावरची भाकरी जाते. आई शेवटी बसते, उरलेल्या आमटीत पाणी घालून. हे मी अठरा वर्षं त्याच स्वयंपाकघरात बसून बघत आले होते.

या मेसची दुसरी गोष्ट म्हणजे खाडा. मेस लावणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको, पण नव्याने येणाऱ्या मुलींसाठी लिहिते. तुम्ही गावी गेलात, जेवलात नाही, तर त्या दिवसांचे पैसे महिन्याच्या हिशोबातून वजा होतात. त्याला खाडा धरणं म्हणतात. बहुतेक ठिकाणी सलग चार-पाच दिवस गेलात आणि आधी सांगितलंत तरच खाडा धरतात. शनिवार-रविवार गेलात तर पैसे गेले. मावशी एका वेळेचाही खाडा धरतात. दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली लांब वही असते. आदल्या रात्री त्यात स्वतः लिहून जायचं. नुसतं नाव, तारीख, सकाळ की रात्र. मावशी आडनाव लिहू देत नाहीत. वहीत जागा पुरत नाही असं त्या सांगतात. दोघींचं नाव सारखं असलं तर पुढे गावाचं नाव लावायचं.

सुरुवातीला मला खाड्याचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं. मी महिन्यातून एकदा घरी जाते, शंभर-दोनशे रुपये वाचतात. वही वाचायची सवय लागल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या रूममेटचं नाव नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला होतं. शनिवार रात्र, रविवार सकाळ, कधीकधी सोमवारही.

ती आणि मी एकत्र राहायला लागलो ती खोली शोधताना. आम्ही दोघी तीन घरं बघायला गेलो होतो. एका घरमालकिणीने आधी माझं आडनाव विचारलं आणि हसून म्हणाली, या, आत या. मग तिचं विचारलं. मग म्हणाली, अगोबाई, खोली तर सकाळीच एकाने बुक केली, मी विसरलेच. आमचं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. ते सांगितल्याने आपल्यासाठी दार उघडतं आणि तेच दार शेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी बंद होतं, हे मी त्या जिन्यावर पहिल्यांदा पाहिलं. ती काही बोलली नाही. खाली आल्यावर म्हणाली, पुढचं घर कुठलं?

ती बौद्ध आहे, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. आई-वडील ऊसतोडीला येतात. दिवाळी झाली की तोडणी मजुरांची टोळी निघते आणि पाच-सहा महिने इकडे, आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडात असते. ती लहान होती तोवर आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहिली, शिकली, बारावीला चांगले मार्क पडले. आई-वडील अर्धं वर्ष इकडेच असतात म्हणून तिने कोल्हापूर निवडलं. शनिवारी ती त्यांच्या खोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाते हे मला माहीत होतं. भेटायला जाते असं मी धरून चालले होते. मीही घरी जातेच की.

गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये एका रात्री जेवताना मी तिला म्हटलं, तुझे महिन्याला आठ-आठ खाडे पडतात, मावशींना परवडतं कसं? ती म्हणाली, "मी जाते ते आईचा खाडा पडू नये म्हणून."

तेव्हा मला हा शब्द दुसऱ्यांदा कळला. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांची एकच जोडी मोजतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात आणि ते हंगामभर ऊस तोडून फेडायचे असतात. बायको आजारी पडली आणि एक दिवस फडात गेली नाही तर त्याला खाडा म्हणतात, आणि त्या खाड्याचे पैसे उलटे कापले जातात. दिवसाला पाचशे रुपये, ती म्हणाली. त्या दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच. तिच्या आईची कंबर गेली आहे, पाळीच्या दिवसांत उभं राहवत नाही. म्हणून ही शनिवारी रात्री पोचते, पहाटे चारला फडात उतरते. वडील तोडतात, ही वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बाजूला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. सोमवारी सकाळी आंघोळ करून अकराच्या लेक्चरला माझ्या शेजारी बसते. तिच्या मानेवर पाचटाने, उसाच्या वाळक्या पाल्याने, कापल्याच्या रेघा असतात. मला त्या पुरळ वाटायच्या. मी तिला एकदा क्रीम दिलं होतं.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या आणि सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली होती. तेव्हा मी शाळेत होते. घरी टीव्हीवर ते चालू असताना आज्जीने चॅनल बदललं, मुलींसमोर नको म्हणून. त्या बातमीच्या मुळाशी हाच खाडा होता. पाळी आली की खाडा पडतो, गर्भपिशवीच नसली तर पडत नाही. आमच्याच उसात त्या वर्षीही टोळी उतरली होती.

इथून पुढचं मेसबद्दल नाही असं कुणाला वाटेल, पण मला ते मेसमध्येच कळलं म्हणून इथेच लिहिते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. तीन एकर ऊस आहे. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, गावातल्याच वस्तीवरच्या बायका येतात आणि तोडीला टोळी येते. चहा सगळ्यांना मिळतो. आमच्या घरात पाहुण्याला चहाशिवाय जाऊ देत नाहीत आणि कामाच्या माणसाला तर नाहीच नाही. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात एक स्टीलचा ग्लास असतो. भांगलणीच्या बायका, टोळीतली माणसं, यांचा चहा त्या ग्लासात. एकजण पिऊन झाला की तो हौदावर विसळून पुढच्याला देतो, शेवटचा कोनाड्यात ठेवतो. चहा वरून ओतायचा असतो, किटली ग्लासाला लागू द्यायची नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. आई-आज्जीचं बघून आलं, जसं शेण सारवणं आलं.

पाचवीत असताना २६ जूनला शाळेत शाहू जयंतीला मी भाषण केलं होतं. विषय होता गंगाराम कांबळे यांचं हॉटेल. राजवाड्यात नोकरीला असलेल्या गंगारामना सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना पैसे दिले आणि स्वतःचा धंदा काढ म्हणाले. गंगारामनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल टाकलं, तर अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले, बरोबरच्या मोठ्या मोठ्या लोकांनाही पाजू लागले. मी हे हातवारे करून सांगितलं. टाळ्या पडल्या, कंपास पेटी बक्षीस मिळाली. पेटी घेऊन घरी आले, आईने किटली हातात दिली, आणि मी गोठ्यात जाऊन भांगलणीच्या बायकांना त्या ग्लासात वरून चहा ओतला. एका मावशींनी पेटी बघायला मागितली होती. मी उघडून दाखवली, हातात दिली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही आमच्या तालुक्यात शिरल्या. आम्हाला नावेतून बाहेर काढलं. आठ-नऊ दिवस छावणीत काढले. गावातले सगळे एका हॉलमध्ये, सतरंजीला सतरंजी लागलेली. एकाच पातेल्यातली खिचडी, एकाच पिंपातलं पाणी आणि पिंपावर साखळीने बांधलेला एकच पेला. आज्जीही त्याच पेल्याने प्यायली. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर घरात गुडघाभर गाळ, भांडीकुंडी गेलेली. मदतीत भांड्यांचा संच आला. त्यात सहा ग्लास होते, सहाही सारखे. आज्जीने त्यातला एक उचलून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवला.

मावशींच्या मेसमध्ये पाण्याचे दोन मोठे माठ आहेत, ओगराळं एक, आणि जाळीच्या टोपलीत चाळीसभर स्टीलचे ग्लास. जेवून झालं की आपलं ताट, वाटी, ग्लास आपण घासायचा आणि टोपलीत पालथा घालायचा. नियम सगळ्यांना सारखा. मेडिकलची मुलं येतात, नोकरी करणारे दोघं-तिघं येतात, बाजूच्या बांधकामावरचे सुतार दुपारी येतात. त्या रात्री, खाड्याचं ऐकल्यावर, मी ग्लास घासून टोपलीत ठेवला आणि मागून रूममेटने तिचा ठेवला. दुसऱ्या दिवशी मला कुणाचा मिळाला ते ओळखायला काही मार्ग नव्हता. मी टोपलीपाशी उभी राहिले आणि मला गोठ्यातला कोनाडा दिसला. तोपर्यंत तो कधी दिसलाच नव्हता.

या जानेवारीत मी तिला घरी नेलं. एस.टी.ने जयसिंगपूर, तिथून गावात. आईने स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "कुणातली गं?" मी सांगितलं. तोडीला येतात तिचे आई-वडील, हेही सांगितलं. आई दोन क्षण थांबली आणि मग पाहुण्यांचे फुलाफुलांचे कप काढले. जेवायला तिला माझ्या शेजारी बसवलं. तिच्या आईच्या कमरेसाठी तेल बांधून दिलं. मला आईचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

सकाळी टोळीतल्या दोघी पाण्याच्या घागरी घेऊन आल्या. आज्जीने चहा दिला, कोनाड्यातल्या ग्लासात. रूममेट मोरीपाशी तोंड धूत होती. त्या बायकांचं पिऊन झालं, घागरी उचलायची घाई होती, एकीने ग्लास हौदाच्या कडेला ठेवला आणि निघाली. रूममेट गेली, ग्लास विसळला, आणि नेऊन कोनाड्यात ठेवला. कुठे ठेवायचा ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या गाडीत हातकणंगले येईपर्यंत आम्ही बोललो नाही. मग तीच म्हणाली, आई आत्ता आहे त्या गावात कप असतो, दांडी तुटलेला.

पुढच्या वेळी गेले तेव्हा मी तो ग्लास पिशवीत टाकून कोल्हापूरला आणला. आज्जीशी भांडण झालं. ती म्हणाली, आम्ही काय त्यास्नी उपाशी ठेवतो व्हय? आणि ते खरं आहे, आज्जीने कधी कुणाला उपाशी ठेवलं नाही. पप्पा म्हणाले, तुला शिकायला पाठवलंय ते कर. दोन दिवसांनी आईचा फोन आला. तिने दुसरंच काहीबाही बोलून शेवटी सांगितलं की आज्जीने कोनाड्यात दुसरा ठेवलाय. त्याच सहांतला. म्हणजे आता चार घरात आहेत, एक कोनाड्यात आणि एक माझ्या खोलीत टेबलावर. आमच्या दोघींपैकी जी आधी उठते ती त्यातून पाणी पिते.

मेसकडे परत येते, कारण एक गोष्ट मला इथलीही खटकते आणि ती लिहिली नाही तर हे लिहिणं खोटं होईल. भाकऱ्या करायला मावशींकडे दोघी येतात. सकाळी आठला येतात, आम्ही अडीचला उठतो, त्या साडेतीनला जेवतात. गरम भाकरी सत्तर-ऐंशी जणांना जाते, त्यांच्या वाटणीला शेवटची गार असते. त्या एक दिवस आल्या नाहीत तर त्यांचे पैसे कापले जातात. मी मावशींना विचारलं, आमचा खाडा तुम्ही धरता आणि त्यांचा कापता, असं का? मावशींनी रागावून बघितलं. मग आतून हिशोबाची डायरी आणून माझ्यासमोर टाकली. गॅस, ज्वारी, तेल, घरभाडं, पैसे थकलेल्या मेंबरांची नावं. महिन्याकाठी मावशींच्या हातात उरतं ते एखाद्या दुकानातल्या नोकरीइतकंसुद्धा नाही. मला उत्तर देता आलं नाही. पण फेब्रुवारीपासून दोघींना महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी आहेत. दुपारचं जेवण अजून साडेतीनलाच असतं. म्हणून पाच तारे देत नाही, चार देते.

थकलेल्या मेंबरांचं सांगायला हवं, कारण ज्यांना गरज आहे त्यांना हे माहीत असायला हवं. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांना पैसे वर्ष संपता संपता मिळतात, कधी त्याच्याही पुढे, आणि मेसचे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असतात. मावशी अशा मुलांची वेगळी वही ठेवत नाहीत. त्याच वहीत, त्याच पानावर, फक्त तारखेपुढे रेघ असते. आले की भरायचे. बुडवून गेलेलेही आहेत. मी विचारलं तर मावशींनी नावं सांगितली नाहीत. एवढंच म्हणाल्या की एकजण सात वर्षांनी पगार सुरू झाल्यावर बायकोला घेऊन आला आणि सगळे देऊन गेला, वर पेढे.

भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो आहे. कोल्हापुरात तो बहुतेक दुकानांत असतो. आमच्या गावातल्या घरातही आहे, गोठ्याकडे जाणाऱ्या दाराच्या वर. १९०१ मध्ये महाराजांनी इथे मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढलं, पुढे एकेका समाजाची निघत गेली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल झालं. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर झोपणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न त्यांनी शाळेइतकाच महत्त्वाचा धरला होता. मी पाचवीत ही सालं पाठ केली होती. आता दर जूनला गल्लीत पाठीवर बॅगा घेऊन खोली विचारत हिंडणारी मुलं बघते तेव्हा ती सालं वेगळी ऐकू येतात.

कामाच्या गोष्टी. मेस जूनच्या पंधरा तारखेपर्यंत भरते, त्यामुळे निकालाची वाट न बघता येऊन बोलून ठेवा. डिपॉझिट नाही. डबा हवा असेल तर मिळतो, पण स्वतःचा डबा आणून स्वतः भरून न्यायचा, आणि त्यातही भाकऱ्या हव्या तेवढ्या. रात्री नऊच्या आत या. मंगळवारी भाजीऐवजी दही मागितलं तर देतात, हे मला दीड वर्षाने कळलं. पुढच्या महिन्यापासून दर २,७५० होणार आहे. मावशींनी आठवडाभर आधी टेबलावर सगळ्यांना विचारून ठरवलं. एक वेळवाल्यांचा दर तेवढाच ठेवलाय, कारण एकच वेळ जेवणारे कोण आहेत ते त्यांना माहीत आहे.

हंगाम अजून तीन-चार आठवडे चालेल. रूममेटच्या आईला परवापासून ताप आहे. मला मोळी बांधता येत नाही, डोक्यावर घेऊन फळी चढणं तर दूरच. पण खोपीवर तिचा लहान भाऊ असतो, त्याला बघायला कुणी असलं तर ती आणि वडील दोघांना पहाटे फडात उतरता येईल आणि आईला पडून राहता येईल. या शनिवार रात्र आणि रविवार सकाळचा खाडा मी काल वहीत लिहून आले, तिच्या नावाखाली माझं.